गाडी-गप्पा : पद्मिनीला मियाटाचे पाय लावावेत का?

मागच्या महिन्यात मी कार्ब्युरेटरवर दोन पानं लिहिली आणि पत्रं आली ती जवळजवळ सगळी सस्पेन्शनची, म्हणजे चाकं धरून ठेवणाऱ्या आणि धक्के खाणाऱ्या यंत्रणेची. पुणेकर वाचक आहात, विचारलेलं सोडून बाकी सगळं बोलणार, त्यामुळे नवल वाटलं नाही. पण बहुतेकांच्या डोक्यात किडा एकच आहे, जुन्या गाडीखाली नव्या स्पोर्ट्स कारचं काहीतरी घालायचं. म्हणून या वेळचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकतोय, कार्ब्युरेटरवाले दोघं होते त्यांनी थोडं थांबा.

प्रश्न : काका नमस्कार. वडिलांची १९८३ ची प्रीमियर पद्मिनी आहे, इंजिन नुकतंच करून घेतलंय, पत्रा-रंगाचं काम चालू आहे. प्रॉब्लेम चालवताना येतो. ७० च्या पुढे गेलं की स्टीअरिंग तरंगतं, चांदणी चौकातून उतरताना वळणावर गाडी होडीसारखी कलते आणि मागून धबाधब आवाज. माझा आतेभाऊ ऑस्ट्रेलियात असतो, तो म्हणतो तिकडे भंगारात जुन्या माझदा एमएक्स-५ मिळतात, पुढची-मागची सबफ्रेम (सस्पेन्शन ज्यावर बसतं ती चौकट), आर्म (चाक धरणारे दांडे), शॉकअप, ब्रेक सगळं काढून पाठवतो. दुसरा मित्र म्हणतो करायचंच तर कॉर्व्हेटचं कर, अमेरिकेत सगळे तेच करतात. यातलं पद्मिनीला काय बसेल?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : आतेभाऊ हुशार आहे हो तुमचा, मित्राचं मात्र ऐकू नका. एमएक्स-५, जिला अमेरिकेत मियाटा म्हणतात, ती १९८९ ला शिकागोच्या ऑटो शोमध्ये लोकांसमोर आली, चारही चाकांना डबल विशबोन (प्रत्येक चाक वर-खाली दोन आर्मनी धरलेलं), मागच्या चाकांना ड्राइव्ह, आणि वजन हजार किलोच्या आतबाहेर. पद्मिनी नऊशेच्या आसपास. म्हणजे वजन जुळतंय, आणि डोनर गाडी, म्हणजे जिचं सामान काढायचं ती, निवडताना मी पहिलं तेच बघतो, कारण स्प्रिंग किती कडक, शॉकअप किती जड, अँटीरोल बार (गाडीचं कलणं रोखणारी आडवी दांडी) किती जाडीचा, डिस्क केवढी, हे सगळं त्या इंजिनिअरने त्या गाडीच्या वजनासाठी ठरवलेलं असतं. कॉर्व्हेटची पाचवी पिढी, १९९७ ते २००४ ची, जिचं सामान अमेरिकेत जुन्या गाड्यांखाली सर्रास घालतात, ती साधारण साडेचौदाशे किलोची आहे आणि तिला कॉइल स्प्रिंगच नाही, आडवा फायबरग्लासचा पाटा आहे एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत! तिकडे ते जमतं कारण तिकडच्या जुन्या गाड्याही तशाच ऐसपैस. पद्मिनीखाली ते म्हणजे शेळीवर अंबारी.

तर वजनात मियाटा पास. आता टेप काढा. मियाटाच्या दोन पुढच्या चाकांमधलं अंतर, म्हणजे ट्रॅक, १४१० मिमीच्या आसपास आहे. पद्मिनीचा १२३० च्या आसपास, तरी स्वतः मोजा, ४० वर्षांत तुमच्या गाडीचं काय काय झालंय मला ठाऊक नाही. फरक धरा १८० मिमी, म्हणजे प्रत्येक बाजूला चाक ९० मिमी बाहेर, म्हणजे मडगार्डच्या बाहेर बराचसा टायर. पद्मिनीची पूर्ण रुंदीच १४६० च्या घरात, मियाटाची १६७५. मग तुम्ही म्हणाल रिम आत घेऊ. तेही होत नाही, कारण मियाटाच्या मूळ रिमचा ऑफसेटच, म्हणजे रिमच्या मध्यापासून बोल्टच्या तबकडीचं अंतर, ४५ मिमी आहे, चाक आधीच आत ओढून बसवलंय, अजून आत घ्यायला जागा कुठाय?

राहिलं काय, तर सबफ्रेम मधून कापून अरुंद करायची. इथे बऱ्याच जणांचा गाडा रुततो. सबफ्रेम १८ सेमीने अरुंद केली तर तिच्यावरचा स्टीअरिंग रॅक पण तेवढाच आखूड करावा लागतो, कारण रॅकच्या टोकाचा जॉइंट आणि आर्मचे आतले पिव्होट (ज्यावर आर्म फिरतो ते सांधे) यांचं एकमेकांशी नातं बिघडलं की चाक वर-खाली होताना टायरॉड (रॅकपासून चाकाला वळवणारा दांडा) वेगळा कंस काढतो, आर्म वेगळा, आणि चाक स्वतःहून वळतं. याला बम्प स्टीअर म्हणतात. स्टीअरिंग सरळ धरलंय, डावं चाक खड्ड्यात गेलं आणि गाडीने डावीकडे बघितलं! आपल्या रस्त्यांवर दर ५० मीटरला हा खेळ. मागच्या बाजूला तर डिफरन्शिअल (दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा, थोडक्यात डिफ) आलं, दोन ड्राइव्हशाफ्ट आखूड करणं आलं, शिवाय मियाटात गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत एक लांब अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम असते जी डिफला पिळण्यापासून धरून ठेवते, तुमच्या पद्मिनीच्या गिअरबॉक्सला ती बसणार नाही, म्हणजे डिफला नवीन आधार बनवा. एवढं सगळं कशासाठी तर ४० च्या आसपास हॉर्सपॉवरसाठी.

आणि आर्म कापून जोडायचा विचार कोणी डोक्यात घालून दिला तर त्या माणसाला चहा पाजा आणि निरोप द्या. हे मी अनुभवाने सांगतोय. वीसेक वर्षांपूर्वी मी स्वतः एका गाडीचे लोअर आर्म आखूड करून घेतले होते, वेल्डिंग दिसायला सुरेख, वर पट्टी पण मारलेली, सहा महिन्यांनी सहज रॅम्पवर घेतली तर वेल्डच्या कडेने केसासारखी चीर, बोटभर लांब. ती कात्रज घाटात उघडली असती तर हे सदर दुसरं कोणीतरी लिहीत असतं. वेल्डिंगच्या शेजारचा लोखंडाचा भाग तापून स्वभाव बदलतो, आणि चाक धरणाऱ्या भागाला दर खड्ड्याला झटका असतो. अ‍ॅल्युमिनियमच्या आर्मला तर हात पण लावू नका.

आता कागदाची बाजू, ही कोणी विचारत नाही आणि नंतर संगम पुलाजवळच्या आरटीओत जाऊन डोकं धरून बसतात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा आरसीवरचे तपशील वेगळे होतील असा बदल मालकाला करता येत नाही, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तेच स्पष्ट केलं. शिवाय २०२१ ला विंटेज गाड्यांचे वेगळे नियम आले, पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झाली की नंबरात व्हीए अक्षरं असलेली विंटेज नोंदणी मिळू शकते, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, चासी, बॉडी शेल, इंजिन यांत मोठे बदल चालत नाहीत. तुमची १९८३ ची, म्हणजे २०३३ ला ५० भरतील. पद्मिनीला वेगळी चासी नाही, बॉडी हीच चासी, आणि मियाटाची सबफ्रेम बसवायला तुम्ही नेमकी तीच कापणार. वडिलांच्या गाडीचा तो हक्क आज घालवायचा का ते घरी बसून ठरवा.

मग मी काय करीन? पहिलं म्हणजे तुमची गाडी तरंगते ती डिझाइनमुळे नाही, म्हातारपणामुळे. १९६४ ला कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११००डी म्हणून निघालेली ही गाडी, तेव्हापासून पुढे डबल विशबोन आणि कॉइल स्प्रिंगच आहे, म्हणजे जे तुम्ही ऑस्ट्रेलियातून मागवताय तो प्रकार तुमच्याकडे आधीच आहे! फक्त किंग पिन (जिच्याभोवती पुढचं चाक वळतं ती) झिजलेली, बुश (सांध्यातल्या रबरी नळ्या) चपटे झालेले, स्टीअरिंग बॉक्समध्ये चार बोटं प्ले. नाना पेठेत एक सकाळ घालवा, किंग पिन सेट, सगळे रबर बुश, टायरॉड एंड आणा. मागचे कमानपाटे सोडवून एकेक पाटा घासून साफ करा, गंज चढला की पाटे एकमेकांवर घसरतच नाहीत, मग तुम्ही म्हणता गाडी हार्ड आहे आणि ती खरं तर जाम झालेली असते. शॅकलचे (पाट्याचं टोक लटकवणाऱ्या कडीचे) आणि पाट्याच्या डोळ्यातले बुश बदला, मागचा धबधब तिथेच निम्मा जाईल.

त्यानंतर नवीन जमान्यातलं काय आणायचं तर शॉकअप. ४० वर्षांत पाट्यात आणि स्प्रिंगमध्ये फार काही बदललं नाही, शॉकअपमध्ये भरपूर बदललंय. गॅस भरलेला ट्विन ट्यूब, म्हणजे नळीत नळी असलेला, घ्या. मोनोट्यूब, म्हणजे एकाच नळीचा, आणखी छान पण त्यात गॅसचं प्रेशर जास्त, हलक्या गाडीला तो थोडी वर उचलतो आणि बारीक खड्ड्यावर टकटक करतो. गाडी जमिनीवर उभी असताना शॉकअपच्या दोन टोकांतलं अंतर मोजा, मग चाक पूर्ण लटकवून, मग पूर्ण दाबून बम्प स्टॉपपर्यंत (शेवटी टेकणारा रबरी ठोकळा). नवा शॉकअप या तिन्ही मापांत बसला पाहिजे, दाबल्यावर तो आतून टेकायच्या आधी बम्प स्टॉप टेकला पाहिजे. दुकानदार म्हणेल साहेब अमक्या गाडीचा फिट बसतो, भोक जुळलं म्हणजे फिट बसतो असं नसतं.

टायर रेडिअल घ्या, १४ इंचीच, १५५ किंवा १६५ रुंदीचा, त्याहून रुंद नको. जुन्या सेटिंगचे आकडे तिरक्या दोऱ्याच्या क्रॉसप्लाय टायरसाठी होते, रेडिअलला कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागे झुकाव) जरा जास्त आणि कॅम्बर (चाकाचा वरून आत-बाहेर झुकाव) शून्याच्या किंचित खाली आवडतो, कॅस्टर सेटिंगमध्ये जितका मिळेल तितका घ्या. ७० च्या वरचं तरंगणं बरंचसं कॅस्टरने जातं. आणि हे सगळं झाल्यावर जमलं तर पुढे डिस्क ब्रेक, पण मास्टर सिलिंडर (पेडल दाबल्यावर ब्रेक ऑइल ढकलणारा) पण बदला, ड्रमच्या सिलिंडरमध्ये लाइनमध्ये थोडं प्रेशर धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो, डिस्कला तो ठेवला तर पॅड घासत राहतात आणि कोथरूडहून स्वारगेटपर्यंत पोचेस्तोवर चाक तव्यासारखं तापतं.

आतेभावाला सांगा, सबफ्रेम नको, मियाटाच्या सीट पाठव. पद्मिनीत त्याही रुंदच होतील म्हणा.

प्रश्न : सर, आजोबांची स्टँडर्ड हेराल्ड आहे. ताम्हिणीत उतरताना वळणावर घाबरून पाय उचलला तर मागचं आतलं-बाहेरचं कुठलं तरी चाक खाली दुमडल्यासारखं झालं आणि गाडी मागून निघाली. नशीब समोर कोणी नव्हतं. एका गॅरेजवाल्याने सुचवलंय की जुन्या मर्सिडीज डब्ल्यू१२४ चं मागचं अख्खं सस्पेन्शन मिळतंय, ते घाल, मग आयुष्यात वळणाची भीती नाही. किंमत पण बरी सांगतोय.
— एक वाचक, एरंडवणे

उत्तर : किंमत बरी असणारच, घेणार कोण! डब्ल्यू१२४ आपल्या पुण्याचीच, १९९५ ला पिंपरीत टेल्कोच्या (आताच्या टाटा मोटर्सच्या) आवारात मर्सिडीजने भारतात जोडणी सुरू केली ती हीच गाडी, आणि तिचं मागचं पाच-लिंकचं सस्पेन्शन, जे १९८२ च्या १९० मॉडेलवर पहिल्यांदा आलं, ते माझ्या मते त्या काळातलं सगळ्यात शहाणं काम आहे. पण ती गाडी १७४० मिमी रुंद, तुमची हेराल्ड सव्वापंधराशे. वर कोथरूडच्या वाचकांना टेप काढायला सांगितलाय, तोच तुमच्याकडे सरकवा. शिवाय मर्सिडीजच्या सबफ्रेमचं, डिफचं वजन त्या हलक्याफुलक्या चासीच्या शेपटीला लटकवणार, म्हणजे भीती जाणार नाही, वाढेल.

तुमच्याकडे जे झालं ते हेराल्डचं जगप्रसिद्ध दुखणं आहे. हिचा मागचा अर्धा अ‍ॅक्सल फक्त डिफपाशी हलतो, चाक त्याच्या टोकाला घट्ट, याला स्विंग अ‍ॅक्सल म्हणतात, त्यामुळे चाक वर-खाली होताना कंसात फिरतं. वळणात असताना पाय उचलला किंवा ब्रेक मारला की गाडीचं मागचं अंग वर येतं, बाहेरचं चाक आत दुमडतं, टायर कडेवर उभा राहतो, आणि पकड गेली. म्हणजे तुम्ही घाबरून जे केलं नेमकं तेच करायचं नसतं. वळणाच्या आधी वेग कमी करायचा आणि वळणात हलका पाय ठेवायचा, आजोबांना विचारा, ते न शिकवता तसंच चालवत असतील.

उपाय मूळ हेराल्ड काढणाऱ्या इंग्लंडच्या ट्रायम्फवाल्यांनीच केलेला आहे. हेराल्डचीच बहीण स्पिटफायर, तिच्या चौथ्या आवृत्तीला (मार्क ४) १९७० मध्ये त्यांनी स्विंग स्प्रिंग दिली. आडव्या पाट्यातला फक्त सगळ्यात खालचा पाटा डिफवर पक्का आवळलेला, वरचे सगळे मधल्या पिव्होटवर झुलणारे. गाडीचं वजन सगळे पाटे मिळून उचलतात पण गाडी कलते तेव्हा झुलणारे पाटे विरोध करत नाहीत, त्यामुळे मागचं अंग वर ढकललं जात नाही. मागचा जो विरोध गेला तो भरून काढायला पुढे जाड अँटीरोल बार. हे दोन्ही जोडीने घालायचं असतं, नुसती स्प्रिंग घालून बार विसरलात तर गाडी पाळण्यासारखी कलेल. तुम्हाला आधुनिक स्पोर्ट्स कार पाहिजे होती ना, स्पिटफायर स्पोर्ट्स कारच आहे, ५० वर्षांपूर्वीची झाली एवढंच. जगभर हेराल्डवाले हेच करतात आणि काही कापायला लागत नाही. मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने पुढे गॅझेल काढली तेव्हा हा स्विंग अ‍ॅक्सल सरळ सोडूनच दिला आणि मागे साधा अखंड अ‍ॅक्सल घातला, त्यावरून काय ते समजा.

एक सांगतो, हे विचारलं नाहीत तरी. पुढच्या चाकाचा उभा लिंक खाली ज्या पितळी ट्रनियनमध्ये, म्हणजे सांध्यात, फिरतो त्यात ग्रीस नाही, ईपी ९० गिअर ऑइल लागतं. सर्व्हिसिंगला देताना मेस्त्री सवयीने ग्रीसगन मारतो, ग्रीस सुकून खडा होतो, पाणी शिरतं, गंज, आणि एक दिवस लिंक तुटून चाक आडवं पडतं. पिंपरीची मर्सिडीज राहू द्या, आज संध्याकाळी हे बघा. गंमत म्हणजे हेराल्डचे हेच पुढचे लिंक लोटस या स्पोर्ट्स कारच्या कंपनीने आपल्या सेव्हन या गाडीला वापरले होते, म्हणजे एकेकाळी स्पोर्ट्स कारवाले तुमच्या गाडीचं सामान शोधत होते!

प्रश्न : काँटेसा आहे, १.८ इसुझू इंजिन. खाली बसवायची आहे आणि १७ इंच अलॉय. एका हॅचबॅकचे इम्पोर्टेड कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र) मस्त कंडिशनमध्ये मिळतायत, उंची अ‍ॅडजस्ट होते, ३२ क्लिक डॅम्पिंग. वरचं माउंट बनवून घेतलं की झालं ना?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : नाही झालं. ३२ क्लिक ऐकून भुलू नका, बत्तिसातले तीन नीट असले तरी पुरे.

काँटेसा मुळात इंग्लंडची व्हॉक्सहॉल व्हिक्टर, पुढे डबल विशबोन, मागे अखंड अ‍ॅक्सल कॉइल स्प्रिंग आणि लिंकवर. पुढे स्प्रिंगची जागा वेगळी मजबूत बनवलेली आहे, तिथून वजन बॉडीत जातं, आणि शॉकअपचे माउंट फक्त शॉकअपचा धक्का झेलायला. हॅचबॅकचा कॉइलओव्हर म्हणजे मॅकफर्सन स्ट्रट, त्यात स्प्रिंग आणि शॉकअप एकातच, आणि तो चाकाला उभं धरायचं कामही करतो. तो तुमच्या शॉकअपच्या जागी घातलात की गाडीचं सगळं वजन त्या बारक्या माउंटवर येणार. एका पुढच्या चाकावर तीनएकशे किलो धरा, खड्ड्यात आपटलं की त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि हे सगळं एका बोल्टवर आणि पातळ पत्र्याच्या ब्रॅकेटवर! भोसरीच्या रस्त्याला किती दिवस टिकेल? असले तुटलेले माउंट मी बघितलेत, बोनेट उघडलं तर शॉकअपचा रॉड वर डोकं काढून बसलेला.

खालीच बसवायची असेल तर मूळ जागेत नवी स्प्रिंग वळवून घ्या, भोसरी-चाकणकडे स्प्रिंग वळवून देणारे मिळतात, त्यांना मोकळी लांबी, तारेची जाडी, बाहेरचा व्यास आणि वेढे द्या. एवढं लक्षात ठेवा की कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो, १२ ची तार १३ केली तर स्प्रिंग ३८ टक्क्यांच्या आसपास कडक होते, त्यामुळे «थोडी जाड द्या» असं मोघम सांगू नका. आणि गॅस कटरने वेढा कापणं विसरा, तापल्यावर तिथलं टेम्पर (पोलादाला दिलेला कणखरपणा) जातं, शिवाय ८ चालू वेढ्यांतला एक गेला की उरलेली स्प्रिंग १४ टक्के कडक होते ते वेगळंच. ३० मिमी खाली भरपूर झाली, तेवढ्यावर पण सोसायटीच्या गेटपाशी सायलेन्सर घासेल.

१७ इंच हौस म्हणून समजू शकतो. पण रिम-टायर जड म्हणजे चाकाबरोबर उड्या मारणारं वजन जास्त, आणि टायरची भिंत पातळ. १५ वर थांबा, दिसायला पण तिला तेच शोभतं, हे माझं वैयक्तिक मत, भांडायला येऊ नका.

प्रश्न : दादा, मी मेकॅनिकलच्या थर्ड इयरला आहे, कॉलेजच्या बाहाच्या (विद्यार्थ्यांनी ऑफरोड गाडी बनवायची स्पर्धा) टीममध्ये आहे. मामाच्या पद्मिनीचं काम आम्ही मित्र मिळून करतोय. स्पोर्ट्स कारची ६ किलो पर मिलिमीटरची स्प्रिंग स्वस्तात मिळते आहे. ती जास्त होईल की नाही हे गाडीत न घालता कसं कळणार?
— एक विद्यार्थी, कर्वेनगर

उत्तर : शाब्बास रे, घालायच्या आधी विचारणारा तू पहिला. कागद घे.

स्प्रिंगचा आकडा (रेट), म्हणजे ती एक मिमी दाबायला लागणारं वजन, आणि चाकाला जाणवणारा आकडा वेगळे. चाक १०० मिमी वर गेलं तेव्हा स्प्रिंग किती दबली ते मोज, समजा ७० मिमी, तर मोशन रेशो ०.७. चाकाचा रेट म्हणजे स्प्रिंगचा रेट गुणिले या रेशोचा वर्ग, वर्ग विसरतात लोक. म्हणजे ६ गुणिले ०.४९, तीन किलोच्या जरा खाली, एक किलो म्हणजे ९.८ न्यूटन धरून २९ न्यूटन पर मिलिमीटर. स्ट्रटवाल्या गाडीत रेशो ०.९५ च्या आसपास असतो, तिथे हीच स्प्रिंग ५३ न्यूटनची होते. म्हणून दुसऱ्या गाडीच्या स्प्रिंगवर छापलेला आकडा आपल्या गाडीत तसाच धरायचा नाही.

आता वजन. दोन माणसं धरून पद्मिनीच्या एका पुढच्या कोपऱ्यावर, चाक-ड्रम वजा जाता, साधारण २४० किलो धर. काट्यावर उभी करून खरं काढ, पुढची दोन चाकं काट्यावर घेतली तरी कळतं. चाकाचा रेट न्यूटन पर मीटरमध्ये (२९ चे २९,०००) भागिले वजन, त्याचं वर्गमूळ, भागिले ६.२८, की तुला कळतं गाडी सेकंदाला किती वेळा हलेल. २९ न्यूटनला येतं १.७५ च्या आसपास, ५३ ला २.३५. आरामाच्या सेडान १ ते दीडमध्ये असतात, रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कार दीड ते दोनमध्ये, त्याच्या वर रेसच्या गाड्या, गुळगुळीत ट्रॅकसाठी. मामा सिंहगड रोडला रोज जाणार असेल तर मी १.३ धरीन, उलटं गणित कर, चाकाला १६ न्यूटन लागतात, तुझ्या रेशोने स्प्रिंगला साधारण ३३, म्हणजे ३.३ किलोची स्प्रिंग. तुझी ६ ची जवळपास दुप्पट झाली. मागची फ्रिक्वेन्सी, म्हणजे हाच सेकंदाला हलण्याचा आकडा, पुढच्यापेक्षा थोडी जास्त ठेव, म्हणजे स्पीडब्रेकरवरून गेल्यावर पुढचं-मागचं अंग लवकर एका तालात येतं आणि गाडी घोड्यासारखी डुलत नाही.

आणि बम्प स्टीअर पण तपासा, तुमच्याकडे हात भरपूर आहेत. स्प्रिंग काढून ठेवा, स्टीअरिंग सरळ बांधा, जॅकने चाक २०-२० मिमी वर-खाली करत जा आणि दरवेळी चाकाची पुढची आणि मागची कड भिंतीला लावलेल्या फळीपासून मोजा. आकडे वहीत लिहा. एक रविवार जाईल, पण रविवारचा जुना बाजार बुधवारी पण असतो, त्यामुळे काही बुडत नाही.

प्रश्न : पॉलीयुरेथेन बुश सगळीकडे लावू का? काँटेसा. रेसवाले लावतात.
— एक वाचक, हडपसर

उत्तर : सगळीकडे नको. पुढच्या आर्मचा आतला पिव्होट, जो एकाच अक्षावर फिरतो, तिथे लावा, अँटीरोल बारला लावा, फरक लगेच कळेल. मागच्या लिंकना रबरच ठेवा, कारण गाडी कलली की त्या लिंकना आडवंतिडवं पिळावं लागतं, रबर ते पिळून घेतं, पॉली घेत नाही, मग अ‍ॅक्सल अडकतो आणि वळणात मागची पकड अचानक सुटते. बसवताना त्यांचंच सिलिकॉनचं ग्रीस लावा आणि बोल्ट गाडी जमिनीवर उभी करून शेवटचा आवळा. रबर बुशला तर हे फारच गरजेचं, रॅम्पवर चाकं लटकलेली असताना आवळला की बुश कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. तरी थोडी कुईकुई येईलच पॉलीची, पावसाळ्यात जास्त.